हुकाला चिंधी बांधलेला पट्टा

मी पट्टा बोलतोय. कुत्र्याच्या गळ्यात असतो तो नव्हे, माणसाच्या हातात असतो तो. माझ्या एका टोकाला हुक आहे, तो भिंगरीच्या गळपट्ट्यात अडकायचा. दुसऱ्या टोकाला मूठ घालायला जागा आहे, तिथे मास्तर असायचे. दोघांच्या मध्ये आयुष्य काढलं म्हणून मला दोघांच्या मनातलं कळत असेल, असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. मला फक्त ओढ कळते.

बॅगांचे बंद शिवणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या जाड पट्टीतून मला शिवलं. म्हणजे जन्मानेच मी उरलासुरला. दुकानात पिंजरे आणि खाण्याची भांडी यांच्यामध्ये बरेच दिवस लोंबकळत होतो. मग एका शाळेतले खेळाचे मास्तर आले. त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि "हा तुटायचा नाही" म्हणून विकत घेतलं. त्यांचा अंदाज बरोबर निघाला. तुटलं ते दुसरंच.

घरात दोनच माणसं, मास्तर आणि त्यांची आई. तिसरी भिंगरी. तपकिरी रंगाचं, लांब पायांचं पिल्लू. ते दिवसभर या खोलीतून त्या खोलीत असं धावे की आई म्हणाल्या, हिच्या पायाला भिंगरीच लागलीये. तेच नाव पडलं.

वर्षाची व्हायच्या आतच ती मास्तरांबरोबर पळायला लागली. आधी डांबरी रस्ता, मग शाळेच्या मैदानाला फेऱ्या. पोरांना शिकवायची ती शिस्त मास्तरांनी तिलाही लावली. मान वर, नजर समोर, पट्टा आखूड. त्यामुळे मी सदा ताणलेला. सकाळी खुंटीवरून मला काढलं की माझा हुक खणकन वाजे, आणि आवाज विरायच्या आत भिंगरी दाराशी हजर. तिच्याइतक्या आनंदाने माझी वाट आजवर कोणी पाहिली नाही. हे मी मिजाशीत सांगत नाही, आता सांगताना मला त्याचा त्रासच होतो.

तिला चौथं वर्ष लागलं आणि बारीकसारीक गोष्टी बदलत गेल्या. झोपून उठताना ती आधी पुढचे पाय रोवायची, थांबायची, मग मागचं अंग वर घ्यायची. पहिली काही पावलं काठ्या चालाव्यात तशी. बसताना एक पाय बाजूला फेकून बसायची. जिना चढताना मागचे दोन्ही पाय जोडीने उचलून उड्या मारायची. जिन्यातली पोरं हसायची, मास्तरही हसायचे. "आमच्या कुत्रीचा ससा झालाय," असं शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचे. मीही त्या वेळी ते कौतुकच समजलो. पट्ट्याला अक्कल किती असणार?

ओळखलं ते आईंनी. त्यांच्या स्वतःच्या खुब्याचं दुखणं जुनं. खुर्चीतून उठायचं म्हणजे आधी हातांवर जोर, मग एक उसासा, मग उठणं. एकदा भिंगरी उठताना पाहून त्या म्हणाल्या, "अरे, ही माझ्यासारखी उठते."

मास्तर बुटांच्या नाड्या बांधत होते. "आई, तुला ज्याच्या त्याच्यात तुझंच दुखणं दिसतं. दोन फेऱ्या झाल्या की मोकळी होते ती."

वाईट हेच, की ते खरं होतं. दोन फेऱ्या झाल्या की भिंगरी खरोखर मोकळी पळायची. मास्तरांनी जन्मभर आखडलेल्या पोरांना पळवूनच मोकळं केलेलं. त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं, की अंग जड झालं तर फेऱ्या वाढवायच्या. त्यांनी त्या वाढवल्या. ती मागे रेंगाळली की माझ्यातून एक झटका जायचा. दुखण्याला ते आळस समजले, आणि आळसावर त्यांच्याकडे एकच औषध होतं. लस टोचायला दवाखान्यात नेलं की तिथल्या वासांनी ती इतकी टुणटुणायची की कोणालाही शंका येऊ नये.

मग एका सकाळी मैदानाच्या वळणावर भिंगरी बसली. पळता पळता, मध्येच. मास्तर दोन पावलं पुढे गेलेले, त्यामुळे मी तिला ओढलं. ओढणारी खरी मास्तरांची मूठ, पण तिच्या गळ्याला ओढ लागली ती माझी. ती ओरडली नाही. ओरडणारी असती तर मास्तरांना वर्षभर आधीच कळलं असतं. तिने फक्त वर पाहिलं आणि शेपूट हलवली, चूक तिचीच असल्यासारखी. मास्तरांनी तिला उचलून घरी आणलं.

या वेळी दवाखान्यात नव्या डॉक्टरबाई होत्या. चष्मा कपाळावर, बोलणं थोडं. त्यांनी तिला टेबलावर घेतलंच नाही. व्हरांड्यात चालवून दाखवा म्हणाल्या आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. मास्तरांनी सवयीने मला आखूड धरलं आणि भिंगरीची मान वर घेतली. ती चालली, फारसं काही दिसलं नाही. मास्तरांचा चेहरा जरा उजळलाही.

"पट्टा सैल सोडा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी बोटभर सोडला.

"आणखी. जमिनीला टेकू दे त्याला."

चालत्या भिंगरीच्या शेजारी मी पहिल्यांदाच फरशीला टेकलो. आणि मग मास्तरांनी पाहिलं. तिची मान खाली गेली, सगळा भार पुढच्या पायांवर आला. मागचे पाय एकमेकांना चिकटून, आखूड आखूड पडत होते. कंबर या बाजूला, त्या बाजूला हेलकावत होती. एवढी वर्षं मी तिच्यासोबत पळालो, पण ती कशी चालते ते मला त्या दिवशी समजलं.

"तुम्ही मान वर धरून ठेवता," बाई म्हणाल्या. "तिचं लंगडणं तुमच्या हातात लपत होतं."

मग त्यांनी मास्तरांचा हात धरून आधी तिच्या खांद्यावर ठेवला, मग मांडीवर. खांदा भरलेला, मांडी वाळलेली. बाईंनी पाठ दाबून पाहिली, गुडघे हलवून पाहिले. भिंगरी स्वस्थ. मागचा पाय खुब्यातून हळूच मागे ताणला, तशी ती ताठ झाली, ओठ चाटायला लागली आणि मान वळवून बाईंच्या हाताला तिने नाक लावलं. पुरे, असं. पुढे तिला गुंगीचं इंजेक्शन देऊन, उताणं निजवून, पाय सरळ धरून एक्स-रे काढला. मी मास्तरांच्या खिशात होतो. त्यांची बोटं मला सारखी गुंडाळत आणि उलगडत होती.

बाईंनी एक्स-रे उजेडात धरून समजावलं. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोल वाटीत बसायला हवा. हिची वाटी जन्मतःच बशीसारखी उथळ. गोळा घसरत, घासत राहिला, आता कडा झिजून खडबडीत झाल्या आहेत. दोन्हीकडे.

"पळवल्यामुळे झालं का?" मास्तरांनी विचारलं.

"जन्माचं आहे. पण कोवळ्या वयात कडक रस्त्यावर पळवलं, दुखत असताना पळवलं, त्याने भर पडली. आधी आणली असती तर पुष्कळ काही करता आलं असतं."

"पण पळाली की मोकळी व्हायची हो ती."

"व्हायचीच. आणि संध्याकाळी?"

संध्याकाळी मास्तर मैदानावर पोरांचा सराव घेत असत. संध्याकाळी ती जागची उठत नसे, हे आईंना माहीत होतं.

त्यानंतर घर बदललं. गोळ्या आल्या, खाणं मोजकं झालं. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून आईंनी सतरंज्या अंथरल्या. फिरणं इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत, तेही मला सैल सोडून. भिंगरी थांबली की मास्तर थांबत. काही महिने बरे गेले. मग डावा पाय कामातून गेला, त्यामागोमाग उजवाही थकला. आता तिला पोटाखालून टॉवेल घालून उचलत उचलत अंगणात नेतात. त्या कामात माझा उपयोग नाही.

पण खुंटीवर माझा हुक वाऱ्यानेही वाजायचा, आणि तो वाजला की ती उठायला बघायची. दोनदा पडली. म्हणून मास्तरांनी माझ्या हुकाला चिंधी बांधली आणि मला कपाटाच्या खणात ठेवलं. अंधाराचं मला काही नाही. मुकं केलं, ते मात्र लागलं.

तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर एवढं ऐका. अधूनमधून त्याला सैल सोडा आणि मागे राहून बघा. तुमचा कुत्रा तुम्हाला खूश ठेवायला दुखणं गिळतो. तो सशासारखा उड्या मारायला लागला तर हसू नका.

परवा आईंनी काही शोधायला खण उघडला आणि मी खाली पडलो. चिंधीसकट वाजलोच. आतल्या खोलीतून भिंगरीची नखं खरवडल्याचा आवाज आला. मास्तर धावले. ती पुढच्या दोन पायांवर उभी होती, मागचं अंग जमिनीवर तसंच, आणि शेपूट जोरजोरात हलत होती. मास्तर तिच्याशेजारी फरशीवर बसले. त्यांनी मला उचललं, चिंधी सोडली, हुक तिच्या गळपट्ट्यात अडकवला आणि माझं दुसरं टोक हातात सैल धरलं. भिंगरीने दाराकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

बराच वेळ आम्ही तसेच बसलो. कुठेच गेलो नाही.