गळकी होडी आणि दोघी बहिणी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. जुनी म्हणजे सात-आठ वर्षांची. पण संगणकाच्या दुनियेत एवढ्या वयाच्या बाईला पणजीच म्हणतात. खऱ्या पाण्याचा थेंबही मला कधी लागलेला नाही. एका मोठ्या गेममध्ये डोंगर आहेत, रान आहे, वस्त्या आहेत आणि मधोमध एक विस्तीर्ण तळे आहे. त्या तळ्याच्या काठाला मला बांधून ठेवत.

माझा जन्म एका कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर झाला. मला घडवणारी चित्रकार बाई भारी हट्टी. होडी म्हटली की ती थोडी गळायलाच हवी, नाहीतर ती खरी कशी वाटणार, असे तिचे मत. तिने माझ्या फळ्यांत फटी ठेवल्या आणि पाणी उपसायला एक डबा दिला. शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामरने कपाळाला हात लावला. लोक दिवसभर राबून येतात, त्यांना इथे तरी सुखाने बसू दे, असे तो म्हणाला. त्याचेही काही चुकत नव्हते. वल्हवणाऱ्याच्या हाताला फोड आणायचा बाईचा बेत तर सगळ्यांनी मिळून हाणून पाडला. गळती मात्र राहिली. एकाने वल्हवायचे, दुसऱ्याने उपसायचे. एकटे निघालात तर मध्यावर जलसमाधी ठरलेली; मग काठावरचा माझा दोर दोघांनी मिळून ओढला, तरच मी पुन्हा वर.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. माझ्या फळ्यांची करकर ऐकायला लोक मुद्दाम येत. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे तेच लोक माझ्या नावाने बोटे मोडू लागले. दोघी बहिणी मात्र येत राहिल्या.

थोरली दुसऱ्या शहरात औषधांच्या दुकानात कामाला होती, दिवसभर पायांवर उभी. धाकटी वडिलांजवळ राहायची. थोरलीने वडिलांच्या मनाविरुद्ध घर सोडले, तेव्हापासून बापलेकीचा अबोला होता. बहिणी एकमेकींना फोन करत, पण 'बरी आहेस ना' याच्या पुढे गाडी जात नसे. रात्री मात्र दोघी आपापल्या घरून, तोंडापुढे माइक घेऊन गेममध्ये यायच्या. माझ्यात बसल्या की पलीकडचा काठ येईपर्यंत दुसरे काही करायलाच नसे. हात कामात आणि तोंड मोकळे. थोरली वल्हवायची, धाकटी उपसायची. आधी शेजाऱ्यांची उणीदुणी, मग दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या तऱ्हा. एका आजोबांनी खोकल्याचे औषध चाखून बघायला मागितले, तेव्हा दोघी एवढ्या हसल्या की मी बुडता बुडता वाचले. तळ्याच्या मध्यावर आल्यावर थोरली हळूच विचारायची, "बाबा नीट जेवतात का गं?" काठावर असताना तिने हे कधी विचारले नाही.

मग अपडेट आले. नकाशावर बोट ठेवायचे की पलीकडे हजर. लोकांना हायसे वाटले. थोरलीनेही नकाशाच धरला. तिला मी बोल लावणार नाही. दमल्या जिवाला लांबची वाट कोण सांगणार? दोघी क्षणात पोहोचायच्या, पलीकडची कामे उरकायच्या आणि निरोप घ्यायच्या. माझ्या अंगावर शेवाळ चढले. पलीकडच्या काठावर त्या दोघी दिसल्या की माझा जीव तुटायचा. आता बाबांची चौकशी कुठे होत असेल, हा एकच घोर मला लागला होता.

एका संध्याकाळी धाकटी येऊन माझ्यात बसली आणि तिने थोरलीला बोलावले. थोरलीने आढेवेढे घेतले. सकाळी दुकान लवकर उघडायचे होते, नकाशाने पटकन जाऊ म्हणाली.

"ताई, मला एकटीला नाही गं जमत," धाकटी म्हणाली.

थोरली आली. तिने वल्ही हातात घेतली. माझी करकर पुन्हा सुरू झाली. मध्यावर आल्यावर थोरलीने विचारले, "बाबा बरे आहेत ना?"

"तूच विचार. इथे घरी माझ्या मागे खुर्चीत बसलेत," धाकटी म्हणाली. "आपण होडीत असलो की रोज बसायचे. मी संगणकाचा आवाज मोठा ठेवायचे, त्यांना ऐकू यावं म्हणून. आता सारखं विचारतात, होडी बंद झाली का?"

वल्ही थांबली. धाकटीच्या मागून एक म्हातारा आवाज खाकरला आणि म्हणाला, "फार दमतेस का गं पोरी?"

थोरली रडू लागली. मग ती बोलू लागली आणि थांबेचना. धाकटीच्या हातातला डबा तसाच राहिला. पाणी माझ्या फळ्यांवरून चढत गेले, मी बुडत होते आणि कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते. खरे सांगते, इतके सुख मला कधी झाले नव्हते.

तेव्हापासून मी तळाशी आहे. दोघी परत आल्या नाहीत. आता फोनवरच पोटभर बोलत असतील, आणि तसेच असावे. तरी वर पाण्यात सावली हलली की मला वाटते, त्याच आल्या.

मित्रांनो, लवकर पोहोचायच्या सोयी खुशाल वापरा. पण ज्याच्याशी बोलायचे राहून गेले आहे, त्याला घेऊन एकदा तरी सावकाश निघा. आणि काठावर माझा दोर दिसला, तर दोघे मिळून ओढा.