सुपारीच्या कप्प्यातल्या गोळ्या

मी शिरूर कासारच्या बायडाबाईंचा जुना पितळी पानाचा डबा आहे. मित्रांनो, नाक वर करूनच सांगतो, तांबटाने मला घडवलं तेव्हा माझ्या तोडीचा डबा अख्ख्या गल्लीत नव्हता. पुढे बाईंचे दात पडले, पान सुटलं आणि मी अडगळीत गेलो. फार राग आला होता मला.

मला बाहेर काढलं ते सुनेने, वैष्णवीने. तिला लुपस झाला होता. या आजारात अंगाची राखण करणारी ताकद अंगावरच उलटते. गालावर लाल चट्टे, सांध्यांत ठणका. तिने मला चिंचेने घासून लखलखीत केलं. काताच्या कप्प्यात सकाळच्या गोळ्या, सुपारीच्या कप्प्यात रात्रीच्या. दोन वर्षं एक गोळी चुकली नाही. पाहुणे म्हणायचे, काय डोकं चालवलं पोरीनं!

या उन्हाळ्यात तेच डोकं दुखायला लागलं. चहात मीठ पडलं. एका दुपारी ती कोऱ्या भिंतीवर हात झटकू लागली, "आत्या, मुंग्या बघा किती!"

"गोळ्याची गरमी डोक्यात गेली हाय," बायडाबाई लेकाला म्हणाल्या. "प्रविण, बंद कर समद्या."

"डाक्टरला इचारू का?"

"इचारायचं काय त्यात? ताक पाज, अंग थंड पडू दे."

मायेनेच केलं हो त्यांनी! मला झाकण लावून फळीवर ठेवलं. वैष्णवी रोज जास्तच बरळायची आणि मी भरल्या पोटी नुसता बघत बसायचो. ओरडणार कोणत्या तोंडाने? नवव्या दिवशी तिला झटके आले.

गोळ्या दाखवायला म्हणून दवाखान्यात मलाही नेलं. डॉक्टरांनी झाकण उघडलं. "या शिल्लक कशा?" प्रविणने सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "लुपस मेंदूत गेलाय. भास झाला त्याच दिवशी आणायचं होतं. गोळ्यांमुळे की आजारामुळे, ते आम्ही तपासलं असतं."

मित्रांनो, लुपसच्या माणसाला नवी डोकेदुखी, भास, विसर किंवा झटके आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. हात जोडले असते, पण मला हात नाहीत.

वैष्णवी आता घरी आली आहे. गोळ्या बायडाबाई स्वतः देतात. काल वैष्णवीची चार वर्षांची लेक संस्कृती तिच्या मांडीवर जाऊन बसली. वैष्णवीने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि सासूला विचारलं,

"आत्या, कुणाची हाय ही पोरगी? लई गोड हाय."