वजा शून्य पॉइंट चार

थर्मामीटर जिभेखाली दाबून तिनं ओठ मिटले आणि सासूबाईंनी बोलायला सुरुवात केली. त्यांना ही वेळ बरोबर सापडली होती. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, सून उलट उत्तर देऊ शकत नसे.

"सिगारेट ओढून झाली की सांग," त्या भाजी निवडत म्हणाल्या. "लोकांना ताप आला की काळजी वाटते. आमच्याकडे ताप येत नाही म्हणून काळजी."

मांडीवरची आठ महिन्यांची ठमी आईच्या तोंडातून बाहेर आलेल्या त्या कांडीकडे हात नेत होती. आई दर खेपेला तो हात खाली घेत होती. पाच मिनिटं झाली. ९६.८. वहीत तारखेपुढच्या पहिल्या रकान्यात तिनं आकडा लिहिला. उठल्यावर तीन तासांनी एकदा, मग तीन-तीन तासांनी आणखी दोनदा, तिन्हींची सरासरी आणि सरासरीचा एक ठिपका आलेखावर. रेषा सतत खालीच राहिली तर थायरॉइड मंदावलेली, रोज वरखाली उड्या मारायला लागली तर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी थकलेल्या, असं तिनं वाचलं होतं. ते कितपत खरं हे तिला ठाऊक नव्हतं. तेच कुणा जाणत्याला विचारायचं होतं.

बाकीचं वाचावं लागत नव्हतं. फणीत केसांचा पुंजका रोज मोठा होत होता. सगळं घर पंख्याखाली बसे तेव्हा ती पायात मोजे घालून फिरे. दुपारी कपडे वाळत घालताना उभ्या उभ्या डोळा लागे. पहिल्या डॉक्टरांनी तिच्याकडे न पाहताच सांगितलं होतं की लहान मुलांच्या आया दमतातच, आराम करा. ठमीला त्या वेळात कुणी बघायचं, ते चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

नवऱ्याला तिचा आकडा पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. तो मापयंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होता. कारखान्यांचे काटे, तराजू, तापमापकं त्याच्या टेबलावर येत. तो ती खात्रीच्या यंत्राशी ताडून पाही, किती चुकतात ते पिवळ्या लेबलवर लिही आणि खाली सही करी. घरातल्या वजनकाट्यावरही त्याचं लेबल होतं. ठमी जन्मली तेव्हा तिचं वजन ऐकून यानं नर्सबाईंना काटा कधी तपासला होता ते विचारलं होतं, आणि तो किस्सा अजून सगळे हसून सांगत.

"आधी यंत्र, मग आकडा," तो म्हणाला होता आणि एक तारखेला थर्मामीटर डबीसकट कामावर घेऊन गेला होता. संध्याकाळी परत आणलं.

"फरक आहे," बुटांच्या नाड्या सोडत त्यानं सांगितलं.

"किती?"

"आहे. भरवशाचं नाही ते. उगाच डोक्यात घेऊ नकोस."

त्याच संध्याकाळी तिनं दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे घेतलेली वेळ रद्द केली. वही मात्र सोडली नाही. का, हे तिला सांगता आलं नसतं. हट्ट म्हणा.

त्याला तीन आठवडे झाले. गेल्या गुरुवारी ठमीला टबमध्ये बसवून, तिच्या मानेखाली हात धरून ती पाणी घालत होती. जाग आली ती ठमीच्या ठसक्यानं. हात पाण्याच्या तळाशी होता. ठमीच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. किती वेळ गेला होता? एक क्षण असेल, जास्तही असेल. पोरीला उराशी धरून ती ओल्या फरशीवर बसून राहिली. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघ, झोप होत नाही तुझी.

आज दुपारच्या वेळेला थर्मामीटर चालूच होईना. सेल संपला होता. जादाचा सेल डबीत असतो म्हणून तिनं कपाटातून डबी काढली. झाकणात बसवलेला पुठ्ठा उचलला तर त्याखाली, झाकणाच्या आतल्या बाजूला, पिवळं लेबल. एक तारीख. यंत्राचा क्रमांक. त्याचं टपोरं, काटेकोर अक्षर: दुरुस्ती वजा ०.४. खाली सही.

तिनं ते दोनदा वाचलं. मग तिला कळलं. थर्मामीटर चुकत होतं, हे त्यानं खरंच सांगितलं होतं. ते जास्त दाखवत होतं. सकाळचं ९६.८ म्हणजे खरं ९६.४. ती लिहीत होती त्याहून ती थंड होती, आणि हे त्याला तीन आठवडे माहीत होतं.

लेबल फाडून टाकणं त्याला जमलं नव्हतं. लेबल यंत्राबरोबर राहिलं पाहिजे, हा त्यांच्याकडचा नियम. खोटा आकडा त्याच्या हातून लिहिला गेला नसता. खरा आकडा लिहून त्यावर पुठ्ठा ठेवणं मात्र जमलं होतं.

तिनं त्याच डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात फोन केला, साडेचारची वेळ मिळाली. मग नवऱ्याला केला. एवढी काय घाई, त्यानं विचारलं. ठमीला धरायला माणूस लागेल, सरळ तिथेच ये, म्हणून तिनं फोन ठेवला. मग लाल पेन घेऊन वहीच्या पहिल्या पानापासून ती एकेका आकड्यातून पॉइंट चार वजा करत सुटली. तिसऱ्या पानावर पेन कागदातून आरपार गेलं.

सासूबाई बघत होत्या. डबी उचलून त्यांनी लेबल डोळ्यांजवळ नेलं.

"अक्षर त्याचंच की," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं न विचारता चहाचा कप तिच्यासमोर ठेवला आणि ठमीला घेऊन आत गेल्या. सिगारेटचं नाव निघालं नाही.

डॉक्टरबाईंनी मात्र वही पहिल्या पानापासून वाचली. त्यांनी तिचे हात हातात घेऊन पाहिले, गळा चाचपला.

"नुसत्या तापमानावरून मी काही ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "ते रक्त सांगेल. थायरॉइड बघू, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींचं कॉर्टिसॉलही बघू. पण हे फारच खाली आहे. थर्मामीटर बरोबर आहे ना? पुष्कळदा तेच चुकीचं निघतं."

शेजारच्या खुर्चीत ठमीला मांडीवर घेऊन बसलेल्या नवऱ्यानं घसा साफ केला.

तिनं पिशवीतून डबी काढली आणि झाकण न उघडता टेबलावर ठेवली.

"ह्यांना विचारा," ती म्हणाली. लग्नाला चार वर्षं झाली, तिनं त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. "ह्यांनीच तपासून आणलंय."

डॉक्टरबाई त्याच्याकडे वळल्या. तो डबीकडे बघत राहिला. कारखान्यांच्या लोकांशी बोलताना असायचा तो ठाम आवाज त्यानं काढायला घेतला, पण जमला नाही.

"जास्त दाखवतं," तो म्हणाला. "शून्य पॉइंट चारनं."

"म्हणजे हे लाल आकडे खरे."

"हो."

"कधी तपासलंत?"

"एक तारखेला."

डॉक्टरबाईंनी टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग चिठ्ठी पुढे ओढून त्या तिला म्हणाल्या, "आणखी काही सांगायचंय?"

"गुरुवारी ठमीला आंघोळ घालताना मला झोप लागली," ती म्हणाली. "ती पाण्यात होती."

शेजारी ठमी कुरकुरायला लागली, मग रडायलाच लागली. त्यानं तिला दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलं होतं.

"सैल धर तिला," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली आणि रक्त द्यायला बाही वर सारली.