वरची गुंडी

…नेढ्यातून खिडकीतल्या उजेडाचा एक कण दिसला आणि गेला. त्याने दोऱ्याचं टोक पुन्हा जिभेवर ओलं केलं, श्वास धरला, नेम साधला – आणि दोरा नेढ्याच्या शेजारून सरळ निघून गेला, ओळखदेख नसल्यासारखा. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे मशीनवर बसण्याआधी सुया ओवून उशीत टोचून ठेवायच्या, हे त्याचं कित्येक वर्षांचं पहिलं काम. बायकोचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने धूसर होत गेले तरी काजं-गुंड्या तिने सोडल्या नव्हत्या; बोटांनी चाचपत करायची. ओवणं तेवढं त्याच्याकडे. "झाल्या का हो सुया?" या प्रश्नाने घर जागं व्हायचं.

एकदाची सुई ओवली गेली. आणि मग आठवलं, कुणासाठी? परवापासून ती आपली आपण ओवते. नवा चष्मा लावून, एका दमात, वर शेजारणीशी गप्पा मारत!

पलीकडे स्वयंपाकघरात ती नळाशी बोलत होती. म्हणजे नळाविषयी, पण ऐकणाऱ्याला तसंच वाटलं असतं. "अगं बाई, काय चकाकतोय हा!" ऑपरेशननंतर डोळ्याची पट्टी निघाल्यापासून हेच चाललंय. कपाच्या कानावरची चीर तिला दिसली, खिडकीच्या गजावरचं कोळ्याचं जाळं दिसलं, आणि तेही काय सुरेख म्हणे! वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आल्या तर त्यांचा हात धरून, "तुम्ही इतक्या गोऱ्या आहात होय?" आणि त्या बाई लाजल्यासुद्धा. माणूस माणसाला पाण्यात पाहतो. हा आता चक्क नळाला पाण्यात पाहायला लागला होता. हसू नका. आठवडाभर ज्याच्या बायकोने घरातल्या झाडूचंसुद्धा कौतुक केलं आणि त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नाही, त्याने काय करावं?

त्यातून तो डॉक्टर. पट्टी काढली तेव्हा आपण नेमके खाली औषधाच्या रांगेत… धावत वर गेलो तर ती त्या पोराच्या तोंडाकडे टक लावून हसत होती. पहिला चेहरा त्याचा! वर्षानुवर्षं रस्ता ओलांडून दिला आपण, भाताला खडा लागू नये म्हणून तांदूळ निवडले आपण, आणि पहिला चेहरा कुणाचा, तर काल मिसरूड फुटलेल्या डॉक्टरचा. मग ती याच्याकडे वळली. किंचित थांबली. म्हणाली, "आलात? चला."

बस. आलात, चला. त्या थांबण्यात तिने काय पाहिलं? शेवटचं नीट पाहिलं तेव्हा याच्या डोक्यावर केस होते, समोरचे दात जागेवर होते. मधली वर्षं तिने फक्त आवाज ऐकला, आणि आवाज काही म्हातारा होत नाही… निदान आपल्याला तरी वाटत नाही.

"अहो," ती दारातून म्हणाली, "हा पडदा हिरवा ना? तुम्ही तर हिरवा म्हणायचात."

"हिरवाच आहे."

"वाळक्या गवतासारखा झालाय."

त्याने पडद्याकडे पाहिलं. खरंच की. कधी विटला? मशीनखाली खडूची पांढरी भुकटी साचली होती, इस्त्रीच्या टेबलाचा कोपरा जळून काळा पडला होता, भिंतीवर त्याच्याच डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. ती विचारेल ते सगळं तो रोज सांगत आलेला, पण सांगायचा तो जुन्या आठवणीतूनच. आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकांसाठी लावलेला उभा आरसा… त्यावर अस्तराचं कापड टाकलेलं होतं.

"हे कुणी झाकलं?"

"मीच. धूळ बसते."

धूळ! इतक्या वर्षांत कधी नाही ती आत्ताच बसायला लागली? ती पटकन पडद्याशी चाळा करू लागली, आणि तेव्हा कुठे त्याने तिच्याकडे पाहिलं. मान वाकलेली. कानाजवळची कातडी सुरकुतलेली, नवीनच कुणाची तरी असावी तशी. "मी कशी दिसते हो?" असं ती विचारायची तेव्हा मान वर न करता, मशीनवरूनच, "आहेस तशीच आहेस," म्हणून तो मोकळा.

"इकडे या बघू," ती म्हणाली. "टेलर ना तुम्ही? गुंड्या चुकवल्यात. एक काज सोडून लावल्यात सगळ्या."

त्याने खाली पाहिलं. शर्टाची एक बाजू वर, एक खाली. गुंड्या आणि काजं मात्र त्याला नुसती पांढरट, धूसर दिसली. मघाची सुई आठवली.

ती जवळ आली आणि खालून सुरुवात केली. गुंडी काढायची, योग्य काजात घालायची, मग वरची. तिच्या बोटांना हे न पाहताही जमलं असतं. पण ती पाहत होती. एकेक गुंडी नीट पाहत, हळूहळू वर येत होती. आठवडाभर ज्या नजरेसाठी तो नळावर, पडद्यावर, त्या पोरावर जळत होता, ती आता छातीपर्यंत आली होती, आणि त्याला वाटत होतं, अजून एखादी गुंडी असती तर बरं झालं असतं.