सीटवरचा रुमाल

समजा मुलांनो, तुम्ही गडचिरोलीच्या बसस्थानकावर उभे आहात. ऊन तापलंय, चंद्रपूरची एसटी लागलीय, दारात रेटारेटी चाललीय. शेजारची पुनम खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकते. जागा धरली. आता ती आणि तिची आई रंजीता घरी जाणार आणि आई झोपणार. एका दवाखान्याच्या वेबसाइटचं काम करून आईचे डोळे लाल झालेत.

तेवढ्यात त्याच दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणाऱ्या नबीलभाऊंचा आईला फोन आला. सुगंधाबाई डायलिसिसला आल्या होत्या, त्यांना धाप लागली होती. एक मशीन रिकामं होतं, पण वेबसाइट म्हणत होती, सगळे नंबर भरले. आणि मोठे साहेब वेबसाइटवर नंबर लागल्याशिवाय कुणाला आत घ्यायला तयार नव्हते.

ती वेबसाइट रंजीतानंच पायथन या संगणकाच्या भाषेत, जँगो नावाचा तयार सांगाडा वापरून लिहिली होती. तिनं बाकावर बसून लॅपटॉप उघडला. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग सापडलं. नंबर देताना प्रोग्राम आधी जागा अडवायचा, मग पेशंटचं नाव लिहायचा. सुगंधाबाईंकडे मोबाइल नाही. मोबाइलचा रकाना रिकामा राहिला, म्हणून नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसनं नाव घेतलंच नाही, चूक दाखवली. पण चूक आली तर गुपचूप पुढे जायचं, असं रंजीतानंच कधीतरी कंटाळून लिहून ठेवलं होतं. जागा अडली ती अडलीच.

"म्हंजे रुमाल टाकला, अन् बसाले कोणी आलंच नाई," पुनम म्हणाली.

"हो व पोरी. तसंच."

रंजीतानं दोन्ही कामं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे होतील तर दोन्ही, नाही तर एकही नाही अशा गाठीत, बांधली. आता नाव लिहिलं गेलं नाही, तर अडवलेली जागाही सुटणार होती, आणि चूक पडद्यावर दिसणार होती. मोबाइलची सक्ती तिनं काढली, अडकलेली जागा मोकळी केली. थोड्या वेळानं नबीलभाऊंनी कळवलं, नंबर लागला, सुगंधाबाईंना मशीनवर घेतलं.

पुनमनं पिशवी उचलली. आई मात्र तशीच बसून राहिली. अशा आणखी किती जागा अडकल्या असतील, ते दवाखान्यात जाऊन, तिथल्या कागदांशी ताडून आजच बघावं लागणार होतं.

"आज घरी जाणं होत नाई," ती म्हणाली. चिडायचीही ताकद उरली नव्हती.

दोघी फाटकाकडे निघाल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पुनमनं मागं वळून पाहिलं. गाडी भरली होती, आणि त्यांच्या सीटजवळ एक म्हातारबाबा दांडा धरून उभे होते. पिशवी आईच्या पायाशी ठेवून ती पळत गेली, आणि खिडकीतून हात घालून तिनं आपला रुमाल काढून घेतला.