आभाळात रेघ असलेली थाळी

मी एक जुनी थाळी आहे. चिनी मातीची, पांढरी, मोठी, काठाला सोनेरी पट्टी असलेली. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना गोड बोलतात. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे आणि तो आजचा नाही.

आधी माझ्यावरचे चित्र सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. एका झाडाखाली घेरदार झगा घातलेली एक युरोपी बाई बसली आहे. शेजारी एक पुरुष पावा वाजवतो आहे. जवळ एक मेंढी आहे आणि वर आभाळ आहे. त्या आभाळातून एक तपकिरी रेघ निघते, झाडाची फांदी ओलांडते आणि थेट बाईच्या झग्यापर्यंत उतरते. केसाएवढी बारीक रेघ.

ज्या देशाने जगाला ही माती भाजायला शिकवली, त्याच देशात माझा जन्म झाला. माती कुटली, मळली, चाकावर फिरवली, झिलई चढवून भट्टीत भाजली. मग मी रंगाऱ्यांच्या लांब खोलीत आले. तिथे माणसे बाकांवर ओळीने बसत आणि समुद्रापलीकडून आलेल्या चित्रांच्या नकला आमच्यावर उतरवत. तिकडच्या श्रीमंतांना माती आमची हवी होती, पण चित्रे स्वतःची हवी होती. व्यापारी छापील चित्रे आणून देत आणि बजावत, जसेच्या तसे काढा.

माझ्या रंगाऱ्याने जसेच्या तसे काढले. असली बाई त्याने जन्मात पाहिली नव्हती. पुरुषाने डोक्यावर केसांचा टोप घातला होता. त्याला तो कापूस वाटला की ढग, कोण जाणे. मेंढीचे तोंड कुत्र्यासारखे झाले. चित्राचा कागद जहाजातून घडी घालून आला होता आणि घडीच्या जागी मळाची रेघ उमटली होती. तीही त्याने काढली. श्वास रोखून, हात न थरथरू देता काढली.

रंग पक्का करणाऱ्या भट्टीतून मी बाहेर आले तेव्हा मुकादमाने ती रेघ पाहिली. डोळे आहेत की भोकं, असे त्याने रंगाऱ्याला सगळ्यांदेखत विचारले.

रंगारी म्हणाला, "कागदावर होती म्हणून काढली. मला वाटलं, त्यांच्या आभाळाला असेल रेघ."

सगळी खोली हसली. मुकादमालाही हसू आवरेना. बाकीच्या थाळ्यांवर ती काढू नका, एवढे सांगून त्याने मला इतरांबरोबर गवतात गुंडाळले आणि पेटीत भरले. त्या रंगाऱ्यावर माझा राग नाही. न पाहिलेल्या देशाच्या आभाळाचाही त्याने मान राखला. माझा राग पुढच्या माणसांवर आहे. त्यांच्यापाशी चांगले डोळे होते, उजेड होता, वेळ होता. आणि तरीही प्रत्येकाने माझ्याकडे बघून एकच शब्द उच्चारला.

चिरलेली.

जहाजातून तुमच्या ह्या देशात उतरून मी एका साहेबाच्या मोठ्या घरात गेले. पहिल्याच मेजवानीआधी तिथल्या मुख्य नोकराने मला उचलले, आभाळातली रेघ पाहिली आणि बाजूला ठेवली. माझ्या बहिणी टेबलावर गेल्या. त्यांच्यात जेवणे झाली, त्यांच्यावर सुऱ्या घासल्या, त्या फुटल्याही. मी फडताळात धड राहिले. मित्रांनो, ह्याला कोणी नशीब म्हणेल. मी म्हणत नाही. जेवणासाठी केलेल्या थाळीवर कोणी कधी जेवलेच नाही, तर ती आणि भिंतीतली वीट ह्यांत फरक काय?

पुढे ते घर मोडले. साहेबाच्या घरचे सामान आवरून आपल्या देशी निघाले तेव्हा मला त्यांच्या स्वयंपाक्याच्या हातात देऊन म्हणाले, चिरलेली आहे, घेऊन जा. स्वयंपाक्याने मला चादरीत गुंडाळून घरी नेले आणि ट्रंकेत ठेवले. त्याच्या मुलाने ट्रंक उघडली, पाहिले, पुन्हा लावली. मग मी त्याच्या नातवाकडे आले. ह्या नातवाचा धंदा चष्म्यांचा. म्हणून मी त्याला चष्मेवालाच म्हणते. त्याच्यावर माझा सगळ्यांत जास्त राग आहे.

चष्मेवाला वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरे झाले असते, राग धरायला सोपे गेले असते. त्याने मला ट्रंकेतून काढले, पुसले, तारेच्या पकडीत बसवले आणि बाहेरच्या खोलीत भिंतीवर उंच टांगले. दिवसभर दुकानात बसून काचेतले चरे शोधणारा माणूस तो. त्याला जगात दुसरे काही दिसतच नसे. डोळ्याला भिंग लावून त्याने माझी रेघ न्याहाळली आणि निकाल दिला. चीर आहे, जुनी आहे, हात लावला तर वाढेल.

मग पाहुणे येऊ लागले. प्रत्येकाला तो माझ्यासमोर उभा करी. ही किती जुनी, हिच्यावरचे चित्र कुठले, ही चिरलेली असूनही अजून कशी टिकली, कारण आमच्या घरात हिला कोणी हात लावत नाही. पाहुणे वा वा म्हणत आणि चहाकडे वळत. मला त्या वा-वाची इतकी चीड होती की पकडीतून निसटून एखाद्याच्या टकलावर पडावे असे वाटे. पण पकड घट्ट होती. चष्मेवाल्याचे काम पक्के असायचे.

हात कोणी लावत नाही, हे मात्र खोटे होते. त्याची बायको मला दर आठवड्याला उतरवून धूत असे. शेजारीण तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणते. वहिनी उंचीने बेताची होती. मला काढायला तिला स्टुलावर चढावे लागे, आणि चढताना ती स्टुलाला, खिळ्याला आणि नवऱ्याला एकेक शिवी देऊन घ्यायची. चष्मेवाला दुकानात डबा नेई. दुपारी घरात ती एकटीच असे.

एका दुपारी मी नुकतीच धुऊन झाले होते. चुलीवर भात तयार होता. बाकीची सगळी ताटे खरकटी पडली होती. वहिनीने त्या ढिगाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि सरळ वाफाळता भात माझ्यावर वाढला.

"फुटलीस तर सांगेन, खिळा निघाला," ती मला म्हणाली.

मित्रांनो, मी फुटले नाही. मी का फुटेन? मी धडधाकट होते. पहिल्यांदा माझ्या अंगाला अन्नाची ऊब लागली. पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर बोटे फिरवली आणि शेवटचे शीत उचलले. त्यानंतर वहिनी दुपारी माझ्यातच जेवू लागली. कधी शेजारीण यायची, तिची भाजी घेऊन. दोघी माझ्याच काठावरून जेवत, नवऱ्यांच्या नकला करत आणि चित्रातल्या टोपवाल्याला हसत. ह्याच्या पाव्याने मेंढी पळाली नाही म्हणजे ती बहिरी असणार, असे शेजारीण म्हणायची. संध्याकाळच्या आत वहिनी मला घासून, पुसून, पुन्हा टांगून टाकी. चष्मेवाला घरी येई, मान वर करून माझ्याकडे बघे, आणि समाधानाने चप्पल काढी.

अशा दुपारी मी सुखात असे, तरीही मला राग यायचा. आपल्याच घरात, आपल्याच ताटात त्या बाईने चोरून का जेवावे? एकदा शेजारणीने तिला विचारलेच, भाऊजींना सांगत का नाहीस. वहिनी म्हणाली, सगळ्या गावाला सांगून बसलेत ते, चिरलेली आहे म्हणून. आता चष्मेवाल्यालाच दिसलं नाही असं कसं सांगू? आणि दोघी हसल्या. मला हसू आले नाही.

मग वहिनी आजारी पडली. पोटाचे दुखणे होते. ती वाळत गेली. डॉक्टरांनी जे करायचे ते केले. उजेड यावा म्हणून तिचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला, बरोबर माझ्यासमोर. चष्मेवाल्याने दुकान बंद ठेवले. तो तिचे सगळे करायचा. उठवणे, बसवणे, अंग पुसणे, पेज भरवणे. हे मी नाकारत नाही. पण पेज तो स्टीलच्या वाटीत आणायचा, आणि वाटी पाहिली की ती तोंड फिरवायची. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली त्यांची मुलगी आली. तिनेही भरवून पाहिले. दोन चमच्यांपुढे गाडी जाईना.

एका दुपारी वहिनीने माझ्याकडे बोट केले.

"अहो, मला त्या थाळीत वाढा ना. थोडा भात."

चष्मेवाल्याने वाटी खाली ठेवली. "अगं, चिरलेली आहे ती. गरम घातलं की तुकडे होतील."

"होऊ देत."

"बरी हो आधी. बरी झालीस की तुला त्याच थाळीत वाढतो. मी स्वतः. मग तर झालं?"

त्याने हे इतक्या मायेने सांगितले की मुलगी डोळे पुसत आत गेली. वहिनीने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवर होते, मला तोंड नव्हते. नाहीतर मी ओरडले असते की वहिनी, सांग ह्याला. एक वाक्य सांग. मी रोज हिच्यातच जेवते, एवढेच सांग. ती हसली, नवऱ्याच्या हातावर थोपटले आणि म्हणाली, "बरं."

त्याचा मान राखला तिने. मरतानाही चष्मेवाल्याला चष्मा लावायला सांगितले नाही. मित्रांनो, मी तिच्यावरही रागावले आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. कारण तिने पुन्हा कधी काही मागितले नाही. ती बरी झाली नाही. माझ्यात भात पडला नाही.

त्यानंतर घरात माणसे येऊन गेली. मुलगी काही दिवस राहिली आणि तिच्या घरी परतली. चष्मेवाला खुर्चीत बसून राहायचा. त्याने दुकान उघडले नाही आणि चूलही पेटवली नाही. एक दिवस शेजारीण डबा घेऊन आली. काल आणलेला तसाच होता. तिने दोन्ही डब्यांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले.

"भाऊजी, ह्या थाळीत वाढू का? वहिनीला हिच्यात जेवण जायचं, तुम्हालाही जाईल."

तिला वाटले होते, शेवटच्या दिवसांत वहिनीने त्याला सांगितले असेल. चष्मेवाल्याने मान वर केली. "काय म्हणालात?"

मग तिला सगळे सांगावे लागले. दुपारची जेवणे, खिळ्याची थाप, टोपवाल्याची चेष्टा, सगळे. तो आधी तिच्यावरच चिडला. चिरलेली आहे ती, असे तो मोठ्याने म्हणाला.

"असेल," शेजारीण म्हणाली. "आम्हाला कधी टोचली नाही."

तो उठला. त्याने मला उतरवून खिडकीत नेले, भिंग लावले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला उलटी केली. माझी पाठ कोरी होती. चीर असती तर ती पाठीलाही दिसली असती. मग त्याने रेघेवरून नख फिरवले. नख कुठे अडकले नाही. रंगाचा किंचित उंचवटा तेवढा लागला. ब्रशाने काढलेली रेघ ती. दुकानात रोज शंभर काचा उलटून पाहणारा माणूस मला घेऊन खिडकीत तसाच उभा राहिला. शेजारीण जायला निघाली तेव्हा त्याने तिला थांबवले.

"भात कुठल्या बाजूला वाढायची ती?"

"खाली, गवतावर," शेजारीण म्हणाली. "बाईच्या अंगावर नाही. कुणाच्या अंगावर कसं वाढायचं, म्हणायची."

त्याने गवतावर भात वाढला. मग पहिला घास घेतला. शेजारीण दाराशी पाठ करून उभी होती.

आता तो रोज माझ्यात जेवतो. मध्ये जुन्या वस्तूंचा एक जाणकार मला बघायला आला होता. माझ्यावर कालवणाचा ओघळ पाहून तो ओरडलाच. अशी वस्तू काचेच्या कपाटात हवी, हा गुन्हा आहे, वगैरे वगैरे. चष्मेवाल्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, बसा, मासा झालाय, दोन घास खा. जाणकार बसला नाही. माझी सोनेरी पट्टी उडत चालली आहे. झग्याचा लाल रंग फिका पडतो आहे. पडू दे.

पण म्हणून माझा राग गेला, असे समजू नका. तो जेवताना रडतो, तेव्हाही मला त्याची दया येत नाही. भात आता त्याच्या तोंडात जातो. तिच्या तोंडात जायला हवा होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मी उलटे सांगते. आम्हाला जपू नका. तुमच्या घरातही काहीतरी उंच टांगलेले असेल, कपाटात कोंडलेले असेल, चांगल्या दिवसासाठी ठेवलेले असेल. आणि त्याच घरात कोणीतरी त्याच्याकडे बघत असेल. त्या माणसाला बरे व्हायला, मोठे व्हायला, पास व्हायला सांगू नका. स्टूल घ्या, ती वस्तू खाली काढा, आणि ज्याने मागितली त्याच्यापुढे ठेवा. फुटली तर फुटली. केरसुणी प्रत्येक घरात असते.