रेडबर्ड आणि रेडबर्ड-नऊ

मी बंदुकीची दारू तोलणारा एक जुना काटा आहे. मित्रांनो, माझा दांडा इतका हलका, की शेजारी कुणी उसासा टाकला तरी मी डुलू लागतो. स्वस्थपणा माझ्या नशिबातच नाही.

माझं आयुष्य गेलं मिनेसोटातल्या ऑर्विल हॉगेनच्या तळघरात. ऑर्विल धान्याच्या कोठारावर कामाला होता. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या बंदुकीने टिपायच्या, या खेळाचं त्याला भारी वेड. झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं तो गोळा करी, त्यांत ठिणगी पाडणारी नवी टोपी, दारू आणि छर्रे भरून पुन्हा वापरी. "हा काटा खोटं बोलत नाही," असं तो कॉफीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. मी फुलून जाई.

एकदा स्पर्धेच्या आदल्या दिवशी दारू संपली. त्याची नेहमीची दारू म्हणजे रेडबर्ड. दुकानात मिळाली रेडबर्ड-नऊ. डबा तसाच, लाल पक्षीही तोच.

"बाबा, नाव वेगळं आहे," मार्लिस म्हणाली. ही त्याची मुलगी, शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.

"पक्षी तोच आहे ना? नऊ म्हणजे कारखान्याचा कसलातरी आकडा. मास्तरीणबाई, चाळीस वर्षं भरतोय मी."

"दारूच्या वजनांची पुस्तिका कुठंय?"

"इथं, डोक्यात!"

त्याने नेहमीच्याच वजनाने दारू तोलली. वजन बरोबर भरलं, तसा मी नेहमीसारखा शून्यावर थांबलो. "बघ, काटा काय म्हणतोय!" तो हसला. पण मी फक्त वजन सांगत होतो. नाव मला कुठं वाचता येतं? दाणे मात्र जरा बारीक होते, पारड्यातला ढीग ठेंगणा दिसत होता. मला ओरडावंसं वाटलं.

सकाळी ऑर्विल मैदानावर गेला. मार्लिसला चैन पडेना. ती खाली आली, फळ्यांवरचं सामान उपसलं, पुस्तिका शोधली आणि उभ्याउभ्याच वाचू लागली. "अगं बाई! ही तर भसकन जळणारी!" तेवढ्याच वजनाने बंदुकीची नळी फुटली असती. तिने फोन लावला. त्याने उचलला नाही. ती जिना चढून धावत सुटली. दार धाडकन आपटलं आणि मी हलू लागलो, मला काही केल्या थांबता येईना.

दुपारी दोघं परतले. त्यांच्या बोलण्यातून मला सारं कळलं. ऑर्विलने बंदूक खांद्याला लावली होती, तेवढ्यात ती मागून किंचाळली होती.

"चारचौघांत लाज काढलीस माझी."

"बोटं शाबूत आहेत ना? मग घाला शिव्या."

ऑर्विल दोन्ही पंजे दिव्याखाली धरून बराच वेळ बघत राहिला. मग सुरी घेऊन त्याने काल भरलेलं एकेक काडतूस कापून रिकामं केलं, आणि पुस्तिका तिच्यापुढे सरकवली. "वाच. मोठ्यानं वाच."

मित्रांनो, आता नवा विजेचा काटा आलाय, माझ्यावर धूळ आहे. कधी पुसलंत तर बरं वाटेल. पण मी शून्यावर थांबलो म्हणून निर्धास्त होऊ नका. डब्यावरचं नाव शेवटच्या आकड्यापर्यंत वाचा, पुस्तिकेशी ताडून बघा, मगच तोलायला बसा. अजूनही जिन्यावर पावलं वाजली की माझ्या मनात एकच येतं : आज यांनी कोणता डबा आणलाय?